समुद्र घेऊन वसमतला

साखऱ्याच्या फाट्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो तेव्हा माझ्या हातात शालीत गुंडाळलेला लॅपटॉप होता आणि रूपाच्या पाठीवरच्या पिशवीत त्याची वायर, कागदांची सुरळी आणि धपाट्यांची शिदोरी. सकाळचे सात वाजले असतील. रानात हरभरा काढणीला आलेला, थंडी सरत आलेली. येणारे-जाणारे विचारत होते, सकाळीच कुठं निघालात. रूपा सांगत होती, हिंगोलीला. तेवढं उत्तर पुरत होतं. समुद्राचं पाणी मोजायचं आहे आणि त्यासाठी आम्ही लाइट शोधत निघालोय, हे फाट्यावर उभं राहून कुणाला सांगणार?

माझी जाऊ नंतर विचारत होती, त्या दिवशी तुम्ही मायलेकी कुठं कुठं फिरलात. तिला मी "वसमतला, दादाकडं" एवढंच सांगितलं. बाकीचं या वहीत लिहिते. बोलताना माझं निम्मं पोटातच राहतं, लिहिताना तसं होत नाही.

रूपा माझी थोरली. नांदेडला राहून गणितात एम.एस्सी. झाली. समुद्रकाठच्या एका संस्थेत भरती-ओहोटीचं गणित मांडायचं काम आहे, त्यात एक जागा निघाली होती आणि शेवटाला दोन मुली उरल्या होत्या. तिथल्या सरांनी दोघींना एकाच खाडीचा नकाशा पाठवला. खाडी म्हणजे समुद्राचं पाणी नदीसारखं जमिनीत आत घुसतं ती जागा, हे मला रूपानंच सांगितलं. एका ठरावीक पंधरवड्यात खाडीच्या मुखाशी आणि अगदी आतल्या टोकाच्या गावाशी पाणी कधी चढेल, कधी उतरेल, किती चढेल, ते काढून पाठवायचं. खरी मापं सरांजवळ. जिचं गणित मापांच्या जास्त जवळ जाईल तिला जागा. सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं, आणि शनिवारी दुपारी आमच्या गावची डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली.

तो सोमवार होता. रूपाचे वडील आदल्या दिवशी म्हणाले होते, नंबर लागला तर बघू, नाही लागला तर सेनगावच्या शाळेत मास्तरीण पाहिजेच आहे. सेनगाव म्हणजे पोरगी संध्याकाळी घरी. ते बोलले तेव्हा मी चुलीपाशी होते. मी काही बोलले नाही, पण मला ते गोड लागलं होतं, हे इथंच लिहून टाकते.

सेनगावला गाडी बदलली. हिंगोलीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, वायर नसली तर वीस मिनिटं दम धरते, आणि गणित चालू असलं तर तेवढीही नाही, लगेच मान टाकते. रूपानं तेवढ्यात तो उघडला, कारण डीपी जळायच्या आधी तिनं दोन दिवसांच्या पाण्याचं गणित करून पाहिलं होतं आणि ते जाग्यावर आहे की गेलं, याची तिला काळजी होती. ते होतं. पडद्यावर एक लाल रेघ, एक निळी रेघ, दोन्ही डोंगरासारख्या चढत-उतरत गेलेल्या.

पुढच्या सीटवरचे पांढऱ्या टोपीचे आजोबा मान वळवून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"शेअर बाजार हाये का पोरी?"

"न्हाई आजोबा, समुद्र हाये."

आजोबांनी थोडा वेळ पडद्याकडं बघितलं. "आमच्या हिरी मार्चात तळ दाखवतात, अन् तू समुद्राचं पाणी मोजून राहिलीस. जरा इकडंबी वळव की."

आजूबाजूचे हसले, रूपाही हसली. पण आजोबा नुसते थट्टेवर थांबणारे नव्हते. समुद्र तर भरलेलाच असतो, त्यात मोजायचं काय, असं त्यांनी विचारलं आणि रूपानं त्यांना नीट समजावून सांगितलं. चंद्र आणि सूर्य पाणी ओढतात, त्यामुळं दिवसातून दोनदा ते चढतं नि दोनदा उतरतं, आणि रोज पाऊण-एक तास उशिरा येतं. खाडीत ते पाणी शिरताना कुठं अडतं, कुठं धावतं, हे समजावं म्हणून ती खाडीचे चौकोन पाडते. हळदीला वाफे पाडतो तसे, पण हजारो. प्रत्येक वाफ्यात पाणी किती खोल, ते लिहायचं. मग लॅपटॉप दर काही सेकंदांचा हिशेब करत जातो, या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी किती गेलं, आलं किती, उंची किती झाली. असं पंधरा दिवसांचं. म्हणून त्याला तासन्‌तास लागतात आणि मधे लाइट जाऊन चालत नाही.

आजोबा म्हणाले, "म्हंजे पाटकऱ्याचंच काम. पाणी सोडायचं अन् मोजायचं." ते नरसीला उतरून गेले.

मी त्या दोन रेघांकडं बघत होते. लाल रेघ मुखाची, निळी आतल्या गावाची. दोन्ही एकावर एक बसल्या होत्या. लाल चढली की निळी चढत होती, लाल उतरली की निळी उतरत होती, मधे बोटभरही अंतर नव्हतं.

माझं माहेर वसमतजवळ, कालव्याच्या शेवटच्या चारीवर (कालव्यातून शेतांकडं काढलेली लहान फाटी). धरणावरून पाण्याची पाळी सुटली की वरची गावं आधी भिजायची आणि आम्ही टेलवाले बांधावर बसून राहायचो. सकाळी वर सुटलेलं पाणी आमच्याकडं दुपारी यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. लहानपणी पाणी आलं का बघून यायचं काम माझ्याकडं होतं. त्यामुळं त्या रेघा बघून मला कसंतरीच झालं. मुखाशी पाणी आलं आणि त्याच घडीला शेवटच्या गावात कसं आलं?

विचारावं म्हणून मी रूपाकडं वळले. तेवढ्यात बॅटरी संपत आली म्हणून तिनं लॅपटॉप मिटला. मग मी शाल नीट गुंडाळली आणि गप्प बसले. पोरगी एम.एस्सी., मी चौथी. मला काय कळतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण मला लगेच पटलं.

हिंगोलीला डेपोच्या समोर फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. तिथं झेरॉक्सही निघते, फोटोही निघतो. दुकानवाले भाऊ रूपाच्या ओळखीचे निघाले, तिच्याबरोबर नांदेडला शिकलेल्या मुलीचे चुलते. त्यांनी आम्हाला मागच्या बाकावर जागा दिली आणि भिंतीतला एक सॉकेट दाखवला. सव्वानऊला रूपानं पंधरा दिवसांचं गणित चालू केलं. अडीच तास लागतील म्हणाली. पडद्याच्या कोपऱ्यात किती दिवसांचं पाणी झालं त्याचा एक आकडा हळूहळू वाढत होता.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला जातीचा दाखला पाहिजे होता, कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता. मी त्या सॉकेटशेजारी वायरवर डोळा ठेवून बसले. मला एका जागी बसवत नव्हतं. आकडा एकवर, दोनवर, तीनवर गेला. रूपा नखं कुरतडत होती. मी तिला पाणी आणून दिलं, परत बसले. पिशवीतलं धपाटं दिलं, तिनं नको म्हटलं. सव्वादहाच्या सुमाराला तिच्यासाठी चहा आणावा म्हणून मी उठले. टपरी दुकानाला लागूनच होती. दोन ग्लास घेऊन परत आले तर एक जाडसर गृहस्थ हळदीच्या नमुन्याची पिशवी सांभाळत मागं सरकत होते, त्यांच्या पायात वायर होती आणि पडदा काळा झालेला होता.

कुणाचं चुकलं म्हणावं? गृहस्थ बिचारे हात जोडून उभे राहिले. रूपानं वायर उचलली आणि कोपरापासून हातापर्यंत गुंडाळायला लागली, अगदी सावकाश. एक तासाचं गणित गेलं होतं, पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. आणि दुकानवाले भाऊ हळूच सांगत होते की दुरुस्तीसाठी अकराला बाजारातली लाइन बंद राहणार आहे, दुपारपर्यंत येईल की नाही सांगता येत नाही.

"दादाकडं जाऊ," मी म्हणाले. "त्याच्याकडं इन्व्हर्टर हाये."

रूपानं माझ्याकडं बघितलं. त्या सकाळपासून मी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य असावं.

वसमतची गाडी लगेच लागली होती. मी खिडकीत, लॅपटॉप मांडीवर, रूपा पुढं कंडक्टरजवळच्या सीटवर. माझ्या शेजारी एका तांड्यावरच्या मावशी येऊन बसल्या. हातात कोपरापर्यंत बांगड्या, कडेला गाठोडं. हिंगोलीपासून टेकड्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी पानं झडलेलं सागाचं रान, मधेच काळ्या मातीचे तुकडे. गाडी वळणावर कलंडली की मी शाल छातीशी धरत होते.

"लेकरू हाये का काय त्यात?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं, लेकीचा कॉम्प्युटर आहे. मग त्यांनी विचारलं ते सगळं मी सांगत गेले. अनोळखी बाईला सांगणं मला सोपं जातं. लेक शिकलेली, जागा समुद्रकाठी, आज लागली तर लागली. मावशींची धाकटी लेक पुण्याला नर्स आहे. रोज बोलते, त्या म्हणाल्या, तोंड दिसतं, जेवली का विचारते, सगळं करते.

"पण आता पोरगी माझी फोनमधीच राहती बघ," त्या म्हणाल्या. "डोस्क्याला तेल लावावं म्हणलं तर कशाला लावू?"

मी पुढं बघितलं. रूपाची वेणी सुटत आली होती. सकाळी घाईत घातलेली.

औंढ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. कंडक्टर चहाला उतरले. मी धपाटी सोडली. ज्वारी-बेसनाच्या पिठात मिरची-लसूण घालून थापलेली, वर घट्ट दह्याची कवडी. मावशींनी दीड खाल्लं आणि मीठ बरोबर पडलंय म्हणाल्या. रूपानं एक तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. ती सारखी फोनवर वेळ बघत होती. आत्ता बारा. एकला पोचलो, सव्वाला चालू केलं, तर पावणेचार. सहाच्या आत होतंय, असं ती मोठ्यानं म्हणत होती, माझ्याशी नाही, स्वतःशीच. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्या दोन रेघा होत्या. एकदा तोंड उघडलं, "रूपा" म्हणाले. तिनं वळून "काय?" केलं. मी म्हणाले, "तुकडा तरी खा."

औंढ्याच्या पुढं उतार संपला की रान बदलतं. ऊस दिसायला लागतो, केळी दिसते, पाटाच्या कडेनं हिरवळ. मला दरवेळी इथून पुढं माहेर आल्यासारखं वाटतं. रूपानं गाडीतून फोन केला होता, त्यामुळं वसमतच्या स्टँडवर दादा मोटारसायकल घेऊन उभाच होता.

"समुद्र कुठाय?" त्यानं आल्या आल्या विचारलं. मी शाल दाखवली. "एवढासाच? मला वाटलं टँकर सांगावा लागतो."

तिघं एका गाडीवर बसलो, दादा पुढं, मधे रूपा, मागं मी. गावाच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना दादानं गाडी कच्च्यात घातली आणि आम्ही तिघं हळूच, बसल्यासारखे, कडेच्या हरभऱ्यात आडवे झालो. मी उताणी पडले, लॅपटॉप पोटावर. पहिला प्रश्न रूपानं मला विचारला तो "समुद्र सांडला का" असा, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती पोट धरून हसली. मला मात्र उठवेना, इतकी मी घाबरले होते. काही मोडलं नव्हतं.

दादाच्या वाड्यामागच्या रानात हळद शिजत होती. लोखंडी टाक्यांतून वाफ निघत होती आणि साऱ्या गावाला तो ओला, मातीचा, कडवट वास. वहिनींनी सोलाण्याची (ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची) आमटी आणि भाकरी वाढली. रूपानं आधी लॅपटॉप लावला. सव्वाएकला गणित पुन्हा सुरू झालं. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा होता, दाराला आतून कडी लावली होती, वायरीवर वहिनींनी पाटा ठेवला होता. आता काळजी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तरी मला घरात थांबवेना. कालव्याकडं जाऊन येते म्हणून निघाले.

चारीच्या तोंडाशी पाच-सहा जण बसले होते. आज पाळी होती. खोरी आडवी ठेवलेली, कुणी तंबाखू मळत होतं. पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारे) चाचा मी लहान असल्यापासूनचे, आता निवृत्त झालेत, पण पाळीच्या दिवशी त्यांना घरी करमत नाही. चारी कोरडी होती. तळाशी चिखल सुकून त्याचे पापुद्रे झालेले, कडेनं गुडघ्याएवढं गवत.

मी विचारलं, वर कधी सुटलं.

"पहाटेच सुटलं, बेटी. पण ह्या साली गाळ काढला न्हाई. पाणी चालतच न्हाई, गवतात रेंगाळून राहिलंय." चाचांनी हातातल्या काडीनं तळ उकरून दाखवला. "गाळ काढला ती साल आठवते का? चर खोल होता, साफ होता. सकाळी सोडलं अन् जेवणाच्या टायमाला बराबर तुझ्या बापाच्या बांधावर."

मला ती साल आठवत होती. पाणी आलं म्हणून मी पळत सांगायला गेले तर आबा विश्वासच ठेवेनात.

मी तिथंच उभी राहिले. सकाळपासून जे नुसतं खुपत होतं त्याला आता आकार आला होता. पाणी तेच, उतार तोच. खोल आणि साफ असेल तर धावतं, उथळ आणि गाळाचं असेल तर रेंगाळतं. रूपाच्या खाडीतलं पाणी धावत होतं. म्हणजे तिची खाडी खोल असली पाहिजे. ती खोल आहे का, एवढंच विचारायचं होतं.

मी घराकडं निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत चारीवर आले. पाणी आलं का बघायला, असं मी मनाशी म्हटलं. आलं नव्हतं. पुन्हा निघाले. पिंपळाखाली थांबले. तिथं मला स्वतःला खरं सांगावं लागलं. मी लाजते म्हणून गप्प नव्हते. चूक असली आणि ती तशीच गेली, तर जागा दुसऱ्या पोरीला जाईल, रूपा सेनगावला शिकवेल, संध्याकाळी गाडीतून उतरेल, मी तिच्या डोक्याला तेल लावीन. आणि कुणी म्हणणार नाही की मी काही केलं. मी तर काहीच केलं नसेल.

पिंपळाखाली किती वेळ उभी होते ते मला सांगता येत नाही. मग मी चालायला लागले आणि दारापर्यंत थांबले नाही.

वहिनींनी कडी काढली. रूपा पडद्यापुढं बसल्या बसल्या पेंगत होती. मी तिच्या खांद्याला हात लावला.

"रूपा, तुझ्या खाडीत गाळ न्हाई का?"

"हाये ना." ती दचकून नीट बसली. "दोन्ही कडंनी गाळच हाये. का?"

"मग पाणी एवढं धावतं कसं? मुखाशी अन् शेवटच्या गावाला एकाच टायमाला? गाळाच्या चारीतून असं पाणी येत न्हाई."

तिला थोडा राग आला. भरती म्हणजे कालवा नव्हे, ती म्हणाली. कालव्यात वरून सोडलेलं पाणी पुढं जातं, भरतीत सगळा समुद्रच उचलला जातो. खाडी आखूड आणि खोल असली तर दोन्हीकडं पाणी एकदमच चढतं, त्यात चूक काही नाही. ती बरोबरच सांगत होती. मी मान हलवली आणि उठायला लागले.

"आखूड अन् खोल," ती पुन्हा म्हणाली, पण आता हळू. मग तिनं सुरळी उलगडली.

नकाशा जमिनीवर पसरून ती त्यावर गुडघे टेकून बसली. खाडीभर बारीक आकडे होते, पाणी किती खोल त्याचे. मधल्या धारेतले आकडे साधे होते. दोन्ही कडांच्या रुंद पट्ट्यांतल्या आकड्यांखाली रेघ मारलेली होती. तिनं बोट त्या आकड्यांवरून फिरवलं, मग कोपऱ्यातली बारीक अक्षरातली ओळ फोनचा उजेड धरून वाचली, आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

रेघ मारलेले आकडे खोलीचे नव्हतेच. ओहोटीला पाणी सगळ्यात खाली गेलं की तो गाळ उघडा पडतो, आणि तो पाण्यापासून किती वर उरतो त्याचे ते आकडे होते. रूपानं ते सगळे खोल म्हणून भरले होते. तिला वाटलं, रेघ मारली म्हणजे महत्त्वाचा आकडा, जसं आम्ही वहीत मारतो. गाळाची मैदानं तिनं विहिरी करून टाकली होती.

"दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारी जमीन," ती म्हणाली. "असं काही असंल हे माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई, आई. आपल्याकडं आकडा म्हंजे पाणी किती खोल गेलं त्याचा."

तिला मी काय सांगणार? माझ्याही डोक्यात आलं नसतं. आमच्याकडं जमीन ती जमीन आणि विहीर ती विहीर.

अडीच वाजून गेले होते. चालू असलेलं गणित तिनं थांबवलं, सव्वा तासाचं काम आपल्या हातानं पुसलं. मग मी नकाशा वाचून दाखवत गेले आणि ती आकडे बदलत गेली. मी रेघेचा आकडा आला की "वर" म्हणत होते, ती वजाची खूण टाकत होती. अर्धा तास आम्ही तेवढंच बोललो. वर, वर, वर. तीन वाजता पुन्हा सुरू केलं. अडीच तास म्हणजे साडेपाच.

चार वाजता लाइट गेली. इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि चालू राहिला. दादानं घरातले पंखे, दिवे, टीव्ही सगळं बंद करायला लावलं, फ्रिजची पिनही काढली. आम्ही चौघं अंधारलेल्या खोलीत त्या आकड्याकडं बघत बसलो. वहिनी मधेच उठून हळदीकडं जाऊन येत होत्या.

साडेपाचला रेघा उमटल्या. लाल आधी चढली. निळी मागून आली, तासाभराहून जास्त मागं, चढताना भराभर चढली आणि उतरताना अडखळत, सावकाश उतरली. खाली तर लालएवढी गेलीच नाही. मी ती बघितली आणि मला एकदम पटली. आमच्या चारीतलं पाणीही असंच उतरतं, खड्ड्याखड्ड्यांत थांबत.

रूपा लॅपटॉप आणि फोन घेऊन गच्चीवर गेली, खाली नेटवर्क नव्हतं. सहाला दहा मिनिटं कमी असताना वरून तिचा आवाज आला, गेलं म्हणून. दादानं फ्रिजची पिन लावली.

रात्री तिथंच राहिलो. सकाळच्या गाडीनं परत निघालो. या वेळी दोघींना शेजारी जागा मिळाली. औंढ्याच्या टेकड्या लागल्या तेव्हा रूपा म्हणाली, चारीवर गेलीस म्हणून तुला सुचलं, नाहीतर मी संपलेच होते.

मला ते तसंच राहू देता आलं असतं.

"चारीवर सुचलं न्हाई," मी म्हणाले. "काल हिंगोलीच्या गाडीतच दिसलं होतं. मी बोलले न्हाई."

"काहून?"

"तू सेनगावला राहावी म्हणून."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग तिनं विचारलं, "अन् हिंगोलीतली वायर?"

"वायर खरंच निघाली गं. त्यात माझा हात न्हाई."

ती हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला. "तू बोलली नसतीस तर मला कधी कळलंबी नसतं," ती म्हणाली.

"मला कळलं असतं."

हिंगोलीला उतरताना तिनं शालीतला लॅपटॉप माझ्याकडं दिला नाही, स्वतः घेतला आणि दुसऱ्या हातानं मला धरून उतरवलं. सेनगावच्या गाडीची वाट बघताना सरांचा फोन आला. ती बाजूला जाऊन बोलली. मी तिच्या पाठीकडं बघत होते. पाठीवरून मला कळलं.

लोक मला भिडस्त म्हणतात आणि मी ते आजवर खरं धरून चालले. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असंच माझं असायचं. या दोन दिवसांत मला दिसलं की माझ्या गप्प बसण्यात कधी कधी माझाच फायदा असतो, आणि तो मी भिडेखाली झाकून ठेवते. आता वय झालं, स्वभाव काही बदलायचा नाही. पण गप्प बसताना आपण नेमकं काय राखतोय ते एकदा तपासून बघावं, एवढं तरी मला जमेल.

घरी आलो तर रूपाचे वडील खळ्यावरून नुकतेच आलेले. डीपी अजून तशीच होती. रूपानं सांगितलं, जागा लागली, पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. त्यांनी हात धुतले, टॉवेलानं पुसले, आणि लांब आहे, बघू, म्हणाले. रूपा माझ्याकडं बघायला लागली.

"बघायचं काय त्यात?" मी म्हणाले. "शनिवारी ती निघणार, अन् मी सोडायला जाणार."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, काढला, परत टाकला.

"अन् हरभऱ्याचं कोण बघंल?"

"तुमी," मी म्हणाले.